देवळालीचे गणिती शिक्षक : द. रा. कापरेकर

शाळेच्या स्मरणिकेत थोर पुरुषांची चरित्रे असावीत ही रूढ परंपरा आहे. राजे, संत, समाजसुधारक, स्वातंत्र्यसैनिक यांची चरित्रे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. ज्याने आयुष्यभर एका गावात शिकवले, कोणतेही मोठे पद भूषविले नाही, पदव्युत्तर शिक्षण घेतले नाही आणि तरीही ज्याचे नाव जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत आले, अशा शाळामास्तराचे चरित्र मात्र क्वचितच वाट्याला येते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे असे शिक्षक होते. त्यांची कर्मभूमी आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील देवळाली. शनिशिंगणापूरच्या परिसरात शिकलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना हे चरित्र जवळचे वाटावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. त्या काळी ठाणे जिल्ह्यात असलेले हे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. पुढे वडिलांनीच त्यांचा सांभाळ केला. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाची विलक्षण आवड होती. पंचांग पाहणे, ग्रहांची स्थाने मांडणे, कुंडली तयार करणे यासाठी सतत आकडेमोड करावी लागे. ही आकडेमोड पाहत आणि करीत मुलगा वाढला. ज्योतिषाला उच्च गणित लागत नाही. परंतु बेरीज-वजाबाकी-भागाकाराचा हात मात्र त्यात चांगलाच बसतो. वडिलांकडून मुलाने हा हात घेतला. आकड्यांवरून माणसाचे भवितव्य वाचण्याचा मार्ग त्याने धरला नाही. आकड्यांकडे तो त्यांच्या स्वतःच्या गुणांसाठी पाहू लागला.

या एका वळणाचे महत्त्व आपल्या भागातील माणसाला विशेष समजावे. साडेसाती हा शब्द आपल्याकडे मूलही जाणते. हा साडेसातचा आकडा कोठून आला, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. शनी हा ग्रह सूर्याभोवती एक फेरी सुमारे साडेएकोणतीस वर्षांत पूर्ण करतो. आकाशाच्या वर्तुळाचे बारा राशींत बारा भाग केले, तर एका भागातून जाण्यास त्याला अंदाजे अडीच वर्षे लागतात. जन्मराशी, तिच्या आधीची आणि नंतरची अशा तीन राशी धरल्या की अडीच गुणिले तीन, म्हणजे साडेसात वर्षे होतात. तो एका ग्रहाच्या गतीचा साधा गुणाकार आहे. गुणाकार समजला की आकडा माहितीचा होतो. समजला नाही की तोच आकडा भीतीचा होतो. कापरेकरांच्या घरात ज्योतिषाची आकडेमोड होती. मुलाने तिच्यातली आकडेमोड तेवढी पुढे नेली.

ठाण्यात माध्यमिक शिक्षण घेत असताना कोडी सोडविण्याचा छंद त्यांना जडला होता. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. केंब्रिजचे सीनियर रँग्लर होणारे पहिले भारतीय, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, यांच्या नावाचे गणितातील पारितोषिक तेथे विद्यार्थ्याच्या स्वतंत्र कामासाठी दिले जाई. १९२७ साली ते कापरेकरांना मिळाले. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले आणि लवकरच देवळालीच्या शाळेत गणिताचे शिक्षक म्हणून रुजू झाले. १९६२ साली वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत त्यांनी देवळाली सोडली नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे कालक्रमाकडे पाहिल्यावाचून राहवत नाही. कापरेकरांना पुण्यात पारितोषिक मिळाले ते १९२७ हे वर्ष महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे आहे. ते देवळालीत स्थिरावत होते त्याच सुमारास, २ मार्च १९३० रोजी, नाशिकला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. एकाच जिल्ह्यात, एकाच काळात, एक तरुण शिक्षक फळ्यावर संख्या मांडीत होता आणि हजारो माणसे एका बंद दाराशी उभी होती. त्या माणसांच्या मुलांना शाळेचा फळाही सहजासहजी दिसत नव्हता. ही वस्तुस्थिती विसरून कोणत्याही विद्वानाचे चरित्र लिहू नये. मात्र ती ध्यानात ठेवली म्हणजे कापरेकरांच्या गणिताचा एक विशेष अधिक स्पष्ट दिसतो. त्या गणितात शिरण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. जात, घराणे, पदवी, प्रयोगशाळा, यंत्र यांपैकी काहीच लागत नाही. पाटी आणि पेन्सिल पुरते.

त्यांच्या आरंभीच्या शोधांपैकी एक म्हणजे डेमलो संख्या. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, त्या वेळच्या जी.आय.पी. रेल्वेच्या मार्गावर डेमलो नावाचे स्थानक होते. तेच आजचे डोंबिवली असे सांगितले जाते. या संख्यांची कल्पना तेथे सुचली म्हणून त्यांनी स्थानकाचेच नाव संख्यांना दिले. या कुटुंबातील सर्वांत देखणी संख्या कोणत्याही विद्यार्थ्याला करून पाहता येईल. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. असे करीत नऊ वेळा १ लिहून त्याचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या मिळते. ती डावीकडून वाचा वा उजवीकडून, सारखीच. दहा वेळा १ घेतले की हातचे येऊ लागतात आणि चढ-उताराची ही सरळ रांग मोडते. ती का मोडते हे शोधणे हाच खरा गणिताचा तास.

या वर्गांच्या मुळाशी ज्या संख्या आहेत, म्हणजे ११, १११, ११११ अशा केवळ १ या अंकाने बनलेल्या, त्यांना गणितात रेपयुनिट म्हणतात. आपण त्यांना एकांच्या संख्या म्हणू. दिसायला त्या अगदी साध्या, पण त्यांच्या पोटात गणितातील एक फार जुना प्रश्न दडला आहे: यांपैकी मूळ संख्या कोणत्या?

मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसरा विभाजक नाही अशी १ पेक्षा मोठी संख्या. २, ३, ५, ७, ११, १३ ही तिची उदाहरणे. अशा संख्यांना अंत नाही, हे युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास सिद्ध केले. त्याची युक्ती सोपी आहे. समजा, मूळ संख्यांची यादी संपली. मग यादीतील सर्व संख्यांचा गुणाकार करून त्यात १ मिळवा. येणाऱ्या संख्येला यादीतील कोणत्याही संख्येने भागले तरी बाकी १ उरते. म्हणजे तिचा मूळ विभाजक यादीबाहेर असलाच पाहिजे. यादी संपली हे गृहीतच खोटे ठरले. दोन हजारांहून अधिक वर्षे झाली, तरी या चार ओळींना कोणी धक्का लावू शकलेला नाही.

आता एकांच्या संख्यांकडे वळू. ११ ही मूळ संख्या आहे. १११ नाही, कारण ती ३ आणि ३७ यांचा गुणाकार आहे. ११११ म्हणजे ११ गुणिले १०१. सहा वेळा १ घेतले तर ती संख्या १११ ने भागली जाते आणि ११ नेही. येथे एक नियम हाती लागतो. १ किती वेळा लिहिला आहे ती संख्या संयुक्त असेल, तर एकांची ती संख्याही संयुक्तच असते; कारण एकांचा मोठा गट लहान समान गटांत वाटता येतो. म्हणून १ हा मूळ संख्येइतक्या वेळा लिहिलेला असला पाहिजे. परंतु तेवढेही पुरेसे नाही. पाच वेळा लिहिलेला १, म्हणजे १११११, हा ४१ आणि २७१ यांचा गुणाकार आहे. सात वेळा लिहिलेला १ हा २३९ आणि ४६४९ यांचा. ११ नंतरची पहिली मूळ संख्या मिळण्यासाठी थेट एकोणीस एकांपर्यंत जावे लागते :

११,११,११,११,११,११,११,११,१११

हिला १ आणि स्वतः यांखेरीज एकही विभाजक नाही. हिचा वर्ग केला तर सदतीस अंकी संख्या मिळते आणि त्या अवाढव्य संख्येला केवळ तीन विभाजक असतात: १, ही संख्या आणि तो वर्ग स्वतः. हिच्या पुढची मूळ संख्या तेवीस एकांची आहे. कापरेकर देवळालीत शिकवू लागले त्या काळापर्यंत या दोन्ही संख्या मूळ असल्याचे गणितज्ञांना ठाऊक झाले होते. नंतर मात्र फार मोठी उडी आहे. पुढची मूळ संख्या ३१७ एकांची. ती मूळ असल्याचे १९७७ साली सिद्ध झाले. त्यानंतरची १०३१ एकांची. तिची सिद्धता १९८५-८६ च्या सुमारास झाली. म्हणजे या दोन्ही सिद्धता कापरेकरांच्या हयातीतल्या आहेत. ४९,०८१ एकांची संख्या मूळ असल्याचे सिद्ध व्हायला २०२२ साल उजाडावे लागले. अशा मूळ संख्या अनंत आहेत की कोठेतरी संपतात, हा प्रश्न आजही खुला आहे. अकरापासून सुरू झालेली वाट कोठवर जाते, हे अद्याप कोणीही सांगू शकलेले नाही.

या मोठ्या मूळ संख्येचा आणखी एक गुण कापरेकरांच्या दुसऱ्या आवडत्या विषयाशी निगडित आहे. तो विषय म्हणजे आवर्ती दशांश. १९५० साली त्यांनी आवर्ती दशांशांच्या चक्रांवर पुस्तकही प्रसिद्ध केले. १ ला ११ ने भागले तर ०.०९०९०९ असे दोन-दोन अंक पुन्हा पुन्हा येतात. १ ला ३७ ने भागले तर ०.०२७०२७ असे तीन-तीन. ४१ ने भागले तरी पाच अंकांचे आवर्तन आणि २७१ ने भागले तरी पाचच. कारण या दोघींचा गुणाकार पाच एकांची संख्या आहे. आता १ ला एकोणीस एकांच्या संख्येने भागा. दशांश चिन्हानंतर अठरा शून्ये, मग ९, पुन्हा अठरा शून्ये, पुन्हा ९. आवर्तन एकोणीस अंकांचे. आणि विशेष असे की, एकोणीस अंकांचे आवर्तन देणारी सगळ्या अनंत मूळ संख्यांत ही एकटीच आहे. पाच अंकांच्या आवर्तनाला दोन वाटेकरी आहेत. एकोणीस अंकांच्या आवर्तनाला दुसरा वाटेकरी नाही.

कापरेकरांनी शोधलेला दुसरा प्रकार म्हणजे हर्षद संख्या. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भागली जाते ती हर्षद, अर्थात हर्ष देणारी. १८ घ्या: १ अधिक ८ म्हणजे ९, आणि ९ ने १८ ला भाग जातो. एका अंकाच्या सर्व संख्या अर्थातच हर्षद आहेत. मात्र १० पेक्षा मोठी कोणतीही मूळ संख्या हर्षद असू शकत नाही. तिच्या अंकांची बेरीज १ पेक्षा मोठी आणि त्या संख्येपेक्षा लहान असते, आणि मूळ संख्येला तसा मधला विभाजक असतच नाही. एकोणीस एकांच्या संख्येच्या अंकांची बेरीज १९. पण १९ ने तिला भाग जात नाही. पुढे १९७७ साली आयव्हन निव्हन या गणितज्ञाच्या भाषणातून याच संख्यांकडे पाश्चात्त्य अभ्यासकांचे लक्ष गेले आणि तेथे त्यांना निव्हन संख्या असेही नाव पडले. देवळालीच्या शिक्षकाने दिलेले हर्षद हे संस्कृत नाव आज जगात त्याच्या बरोबरीने चालते.

तिसरा प्रकार आपल्या परिसराला विशेष ओळखीचा वाटेल, कारण त्याचे नाव आहे स्वयंभू संख्या. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ घेतले तर २१ अधिक ३, म्हणजे २४. चोवीसपासून ३०, तिसापासून ३३, तेहतिसापासून ३९. येथे २१ ही २४ ची जनक झाली. कापरेकरांनी विचारले, प्रत्येक संख्येला जनक असतेच काय? नसते. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४ या संख्यांना जनक नाही. त्यांना त्यांनी स्वयंभू म्हटले. देवळाली संख्या असेही त्यांचे एक नाव आहे. त्यांपैकी ३१, ५३, ९७ या मूळ संख्याही आहेत: त्यांना ना विभाजक, ना जनक. स्वयंभू हा शब्द शनिशिंगणापुरात सर्वांच्या तोंडी आहे आणि तेथे त्याला श्रद्धेचा अर्थ आहे. कापरेकरांच्या वहीत त्याचा अर्थ एवढाच की, वीसच्या आधीची प्रत्येक संख्या तपासून पाहा. एकीपासूनही वीस तयार होत नाही. पाचवीतले मूल ही तपासणी करू शकते आणि गुरुजींचे म्हणणे खरे की खोटे, हे स्वतः ठरवू शकते.

ज्या संख्येने कापरेकरांचे नाव अजरामर केले ती ६१७४. १९४६ च्या सुमारास ती त्यांना गवसली आणि १९४९ साली अमेरिकेतील स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात तिच्यावरचे टिपण प्रसिद्ध झाले. कृती अशी: चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या संख्येवर तीच कृती पुन्हा करा. वजाबाकीत तीनच अंक आले तर आधी शून्य लावून चार करा. आपल्या सर्वांच्या मनात कोरलेले १९५६ हे वर्ष घेऊ.

९६५१ – १५६९ = ८०८२
८८२० – ०२८८ = ८५३२
८५३२ – २३५८ = ६१७४

तीन पायऱ्यांत ६१७४. आणि ६१७४ वर कृती केली तर ७६४१ – १४६७ = ६१७४; तेथून पुढे हालचाल नाही. महाडच्या सत्याग्रहाचे १९२७ हे वर्ष घेतले तर ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ असा प्रवास करीत सातव्या पायरीवर ६१७४ येते. सातापेक्षा जास्त पायऱ्या कोणत्याच संख्येला लागत नाहीत.

ही वर्षांची करामत नव्हे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. अन्यथा उद्या कोणी तीत शुभाशुभ शोधील. चार अंक उतरत्या क्रमाने मांडले की पहिली वजाबाकी दोनच गोष्टींवर ठरते: सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरक आणि मधल्या दोन अंकांतील फरक. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने गुणा, आणि बेरीज करा; तेच उत्तर. पहिला फरक १ ते ९ असू शकतो. दुसरा ० पासून पहिल्या फरकाइतका. अशा जोड्या मोजल्या तर त्या फक्त ५४ भरतात. म्हणजे चार अंकी सर्व ८,९९१ संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ संख्यांमध्ये गोळा होतात, आणि त्या ५४ तपासल्या की सिद्धता पूर्ण होते. वसतिगृहातील चार मुलांनी मिळून एका रविवारी करावे एवढेच हे काम आहे. ६१७४ मूळ संख्या नाही. २, ३, ३, ७, ७, ७ हे तिचे अवयव. ती हर्षद मात्र आहे: अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागले की ३४३.

एवढे शोध लावूनही कापरेकरांच्या वाट्याला फार काळ उपेक्षाच आली. देशातील अनेक गणितज्ञ त्यांच्या संख्यांना क्षुल्लक समजत आणि हसत. प्रतिष्ठित नियतकालिकांत त्यांच्या लेखनाला सहज जागा मिळत नसे. मग ते स्वखर्चाने पुस्तिका छापीत. त्यांवर प्रकाशक म्हणून लेखकाचेच नाव आणि खरेसवाडा, देवळाली हा पत्ता असे. शिक्षकाच्या पगारातून छापखान्याचे बिल भागविणे म्हणजे काय, हे त्या काळच्या शिक्षकांच्या घरांना विचारावे. तरीही ते थांबले नाहीत. आसपासच्या महाविद्यालयांतून व्याख्यानांसाठी त्यांना बोलावणी येत आणि ते आनंदाने जात. शाळेचे काम त्यांनी पोटापुरते उरकून टाकले नाही. त्यांच्या संख्या शाळेच्या फळ्यावर मांडता येतील अशाच राहिल्या.

निवृत्तीनंतरचा काळ कष्टाचा होता. विद्यापीठ अनुदान आयोगाकडून त्यांना काही साहाय्य मिळाले. पण निवृत्तिवेतन अपुरे पडे. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. गणित व विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन ते उदरनिर्वाह करीत. वय सत्तरीला टेकले असताना, मार्च १९७५ मध्ये, सायंटिफिक अमेरिकन या मासिकातील आपल्या प्रसिद्ध सदरात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्या संख्यांचा परिचय करून दिला. त्यानंतर जगभरच्या गणितप्रेमींना कापरेकर हे नाव ठाऊक झाले. १९८६ साली त्यांचे निधन झाले. आज ६१७४ ही संख्या कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते आणि संगणकाची आज्ञावली लिहायला शिकणारी जगभरातील मुले तिच्यावर हात साफ करतात.

त्यांच्या कार्याचे मोल ठरविताना अतिशयोक्ती करू नये. कापरेकर म्हणजे रामानुजन नव्हेत. गणिताच्या मोठ्या सिद्धान्तांची दिशा त्यांनी बदलली नाही. त्यांच्या पुष्कळ संख्या दशमान लेखनपद्धतीवर अवलंबून आहेत. आपण दहाऐवजी आठाच्या पटीत मोजत असतो तर ६१७४ ला हे भाग्य लाभले नसते. त्यांच्यावर हसणाऱ्यांच्या म्हणण्यात एवढा अंश खरा आहे. पण संख्येच्या प्रश्नांना आज उपयोग नाही म्हणून उद्याही नसेल, हे कोणी ठरवावे? मोठ्या मूळ संख्यांचा शोध हा कैक शतके निव्वळ छंद मानला जात होता. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी त्यांच्यावर आधारित गुप्तलेखनाची पद्धत मांडली. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार संगणक क्षणात करतो. पण केवळ गुणाकार दिला आणि अवयव विचारले तर अतिशय वेगवान यंत्रालाही ते काम आवाक्याबाहेरचे होते. या एका गोष्टीच्या आधारावर संगणकांच्या जाळ्यातील संदेश आणि बँकांचे व्यवहार सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था उभी राहिली. शिवाय कापरेकरांचे खरे दान उपयोगापुरते नाही. प्रश्न विचारण्याचा अधिकार विद्यापीठाकडून मिळवावा लागत नाही, हे त्यांनी स्वतःच्या जगण्याने दाखवून दिले.

आपल्या पालकांपैकी अनेकांच्या घरात आजची मुले ही शिकणारी पहिली किंवा दुसरी पिढी आहे. गणित आपल्या मुलाचे काम नाही, मुलीचे तर नाहीच, असे कोणीतरी त्यांच्या कानावर घालते आणि दहावीच्या आधीच विषयाची भीती घर करते. ही भीती साडेसातीच्या भीतीहून वेगळी नाही. दोन्ही ठिकाणी आकडा दुसऱ्याच्या हातात असतो आणि आपण हात जोडून उभे असतो. कापरेकरांचे चरित्र सांगते की आकडा आपल्या हातात घ्यावा. एकोणीस एकांची संख्या श्रीमंताच्या वहीत जशी मूळ असते तशीच गरिबाच्या वहीत. ती मूळ आहे हे तिचा मान राखण्यासाठी कोणी मानत नाही. तपासून पाहिले म्हणून मानतो. तपासण्याचा हा अधिकार ज्याला मिळाला त्याला पुष्कळ काही मिळाले.

शनिशिंगणापूरच्या घरांना दारे नसतात, ही गोष्ट देशभर कौतुकाने सांगितली जाते. त्याच गावात चौथऱ्यावर जाण्यासाठी स्त्रियांना २०१६ सालापर्यंत वाट पाहावी लागली, हीही गोष्ट इतिहासाने नोंदविली आहे. घराला दार नसणे आणि सर्वांना प्रवेश असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गणिताचे घर दोन्ही अर्थांनी मोकळे आहे, पण आत जाण्यासाठी पाऊल आपणच उचलावे लागते. आपल्या वसतिगृहातील प्रत्येक मुलामुलीने गृहपाठाच्या वहीखेरीज एक कोरी वही ठेवावी आणि तीत फक्त स्वतःला पडलेले प्रश्न लिहावेत. १ ते १०० मधील स्वयंभू संख्यांची यादी तयार करावी. ६१७४ च्या ५४ पायवाटा काढाव्यात. तीन अंकी संख्यांवर हीच कृती केली तर ४९५ का येते, ते शोधावे. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला भेट द्याल तेव्हा अर्धा तास या वह्या चाळाव्यात आणि मुलांना एक नवा प्रश्न देऊन जावे. देवळालीच्या शिक्षकाला याहून योग्य आदरांजली नाही.